सरस

उद्यमनगरात, ओतशाळेच्या मागच्या शेडात
गिटारी व्हायच्या.
कोल्हापुरात? गिटार? बाहेरचे विचारायचे.
मगदूमशेठ म्हणायचे, ऑइल इंजिन होतंय की,
मग हिला काय धाड भरलीय?
भिंतीपलीकडं वितळलेल्या बिडाचा उजेड,
अलीकडं आम्ही
शिवणीच्या पातळ फळ्या वाफेवर वाकवत,
म्हशीच्या शिंगासारख्या, हळू.

मी फ्रेट ठोकायचे. एका मानेला एकोणीस.
पहिल्याच महिन्यात सातवी केसभर सरकली.
कुणाला दिसली नसती.
शिकलगार मिस्त्रींनी नखानं पकडली.
"आता उपटू नगंस, लाकूड फाटंल. लिवून ठेव."
"कुठं?"
"मानेच्या सांध्यात. जो उघडंल त्याला कळंल."

सरसाचं भांडं दिवसभर शेगडीवर असायचं,
भांड्यात पाणी, पाण्यात भांडं.
सरस म्हणजे चांगला, शाळेत शिकलेले;
इथला सरस कातड्याचा,
वास लुगड्याला बसला की
घरात नवरा दोन हात लांब जेवायचा.
मिस्त्री म्हणायचे,
जोडलंईस ते सोडवता आलं पायजे.
न्हाईतर ते जोडणं न्हवं, गाडणं.

कारखाना एका बुधवारी बंद झाला.
कुणी ओरडलं नाही. पीएफचे फॉर्म, एकच पेन,
सगळे रांगेत.
बिडाचे साचे भंगारात गेले, अठ्ठावीस रुपये किलो.
काट्यावर गिटारीची कंबर चढली,
आकडा जरा हलला आणि थांबला.
फाटकात मिस्त्रींनी भांडं माझ्या हातात दिलं.
"तळाला लागू देऊ नगंस," एवढंच.
मिस्त्री जाऊन आता नऊ वर्षं झाली.

मी गंगावेशीत बसते, दूध-कट्ट्यासमोर.
पोरं येतात. काळी, चकचकीत, घरपोच आलेली,
मान मोडलेली.
सांध्यात काय ओतलंय कोण जाणे,
वाफ शिरत नाही, सुरी शिरत नाही.
म्हणते, बाळा, नवीच घे.
आणि तो खूश होतो.
तेवढं मला लागतं.

परवा गडहिंग्लजहून आमोस आवळे आले.
चर्चमधली गिटार, चादरीत गुंडाळून.
"मान वर आलीया. बोटं सोलतात."
पोटावर आमचा शिक्का, अर्धा घामानं गेलेला.
पंधरावी फ्रेट काढली, बारीक भोक पाडलं,
किटलीची वाफ सोडली आणि गप्प बसले.
बाहेर एक म्हैस धार द्यायला तयार नव्हती,
गवळी तिला समजावत होता.
मग सांधा चुळकन बोलला,
मान हातात आली.

आत पेन्सिल. माझं तेव्हाचं बाळबोध अक्षर:
सातवी सरकली आहे. माफी. — र. कांबरे.
आणि खाली,
जे मी कधीच पाहिलं नव्हतं,
सुताराच्या जाड शिसानं:
पोरगी नवी आहे. उघडणाऱ्यानं रागावू नये.

उघडणारी मीच.
चष्मा पुसायला पदर घेतला, तो सरसाचा निघाला.

आवळ्यांना म्हटलं, सातवी आता नीट करून देते,
फुकट.
ते जरा विचारात पडले.
"नको बाई. तिथं आम्ही सगळे थोडं वर चढतो.
सव्वीस वर्षांची सवय.
नीट केलीस तर
आख्खी मंडळी बेसूर होईल."

मग दोन्ही ओळींखाली तिसरी लिहिली:
पाहिली. ठेवली. गरम पाणी वापरा, घाई नको.
तारीख घातली. सांध्याला सरस लावला,
मान बसवली, दोरीनं आवळली.
साडेतीनशे सांगितले. तीनशे दिले.
उद्या दुपारी या म्हटलं,
वाळायला रात्र लागते.