छप्पर

मुलगी बोस्टनला निघाली
की मेयोत आदल्या रात्री जागरण व्हायचं,
मेलेल्या माणसासाठी करतात तसं.
फक्त प्रेत सगळ्यांबरोबर नाचत असायचं.
पहाटे पुलापर्यंत पोचवून
लोक न बोलता मागं फिरायचे.

अट्रॅक्टाच्या आजीची बहीण तशीच गेली.
परत आले ते डॉलर:
घरावरचं गवत उतरलं, काळी स्लेट चढली.

आता माडीवर भाड्यानं जुसिलेनी,
ब्राझीलची, मांसाच्या कारखान्यात.
दर शुक्रवारी आईला पैसे धाडते.
आज पावती विसरली चहाच्या टेबलावर.

अट्रॅक्टानं चष्मा चढवला,
रक्कम वाचली,
घडी घालून परत दिली.
भाडं थकलंय, ते काढलंच नाही.
एवढंच विचारलं,
"पत्रे घालतायत, की कौलं?"