कुमसार

फादर, शेवटचं कुमसार नाताळाच्या आधी केलं होतं.
आता कोरेज्म संपत आला, काजूच्या बोंडांचा वास
फेरीच्या धक्क्यापर्यंत येतो,
माझ्या टावेर्नात हुर्राकही उतरला.
तुम्ही दिवाडीत नवे, म्हणून सांगते:
मी एर्मेलिंद. धक्क्याजवळचं निळं दार.
बाटल्यांच्या फळीवर खुरीस, खुरसापाशी दिवा.
नवरा गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं.

बारीक पापं आधी संपवते.
मिसाला उशीर, दोनदा.
सुनेच्या सोरपोतेलला नावं ठेवली, चारचौघांत.
शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला. लागला नाही.

आता मोठं.
एक गिऱ्हाईक आहे, तेओतोन.
गोदीत वेल्डर होता. डोळ्यांनी दगा दिला, काम सुटलं,
बायको मडगावला भावाकडे गेली ती गेलीच,
मुलगी इथे राहिली. लवीना.
तेव्हा तिसरीत होती, आता आठवीत.
आंजेलुसची घंटा झाली की तो येतो,
टोपी काढतो, खुरसाकडे बघत नाही,
नुसती बोटं दाखवतो: तीन.

तीन कोप फेणीचे पैसे घेते मी,
आणि ओतते दीड. बाकी पाणी.
विहिरीचं, पण गाळलेलं, फादर. तेवढं तरी.
दीड कोपाचे पैसे बिस्किटांच्या डब्यात जातात,
तांदळाच्या पिंपामागे.
त्यातून लवीनाची पुस्तकं, युनिफॉर्म,
गेल्या पावसाळ्यात चष्मा.
तिला वाटतं, चर्चच्या फंडातून येतं.
म्हणजे चोरी झाली, खोटं झालं,
आणि त्या खोट्यात मी आधीच्या फादरांनाही ओढलं.

कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला.
मी फेणीचं पाणी करते.
रात्री दार लावताना वाटतं,
वर कुणी हसतंय,
की कपाळाला हात लावून बसलंय?
मला देवाला आवडेल असं जगायचं आहे.
लहानपणी ते सोपं होतं. दहा आज्ञा,
न अडखळता म्हटल्या की गूळ मिळायचा.

जाळीमागे बराच वेळ कुणीच नसल्यासारखं.
मग फादर म्हणाले, "पाणी कुठे घालता?"
"आत. कोप भरूनच बाहेर आणते."
"उद्यापासून त्याच्यासमोर घाला."
एवढंच. एक तेर्ससुद्धा सांगितला नाही.
पन्नास सांगितले असते तर बरं झालं असतं,
गुडघे दुखले असते, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. टोपी. तीन बोटं.
मी डबा त्याच्यापुढे ठेवला, शेजारी पाण्याचा तांब्या,
आणि सगळं सांगितलं.
मधेच आवाज फेरीच्या भोंग्यासारखा फाटला.
तेओतोनने डबा उघडला नाही.
"डोळे गेले, एर्मेलिंदबाय, जीभ नाही गेली," म्हणाला,
"पहिल्या सां जुआंवलाच कळलं होतं."
"मग बोलला का नाहीस?"
"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

फेरी लागली, सुटली. कुणी चढलं नाही.
रिकाम्या कोपाला त्याने बाहेरून बोट लावलं,
अर्ध्याच्या जरा खाली:
इथपर्यंत पाणी.
मी ओतलं. तो बघत होता,
निदान त्या दिशेला.

तेव्हापासून रोज तसंच चालतं.
कधी बोट नखभर वर सरकतं,
कधी मडगावहून फोन आला की पार तळाला.
मी काही म्हणत नाही. बोट जिथे, तिथवर पाणी.
पैसे फेणीचे तेवढेच घेते,
उरलेले तो चाचपडत डब्यात टाकतो.
शनिवारी मोजायला बसले
तर नाण्यांत एक बटण निघालं.
ते मी त्याच्या शर्टाला शिवून दिलं.
घरात दोरा निळाच होता. जुळला नाही.