वीज आली तेव्हा

कुतैसी शहर, त्या वर्षीचा जानेवारी.
तिकीट म्हणून एक मेणबत्ती आणायची
नाहीतर स्टोव्हसाठी लाकडाचा तुकडा.
नुग्झार न्हाव्याने खुर्चीचा पाय आणला,
वॉर्निश अजून चकाकत असलेला.
जळताना त्याचा वास
वाचनालयभर पसरला, रंगवलेल्या घरासारखा.

मी अकरा वर्षांची. माझं काम एवढंच :
चेलोवाल्या ओतियाच्या डाव्या खांद्याशी उभं राहून
मेणबत्ती धरायची,
आणि त्यानं नाक ओढलं की पान उलटायचं.
पण ओतियाला सर्दी झाली होती.
दोनदा मी पान आधीच उलटलं.
दोन्ही वेळा तो तसाच वाजवत राहिला,
नसलेल्या ओळींवर नजर ठेवून.

चौघांच्या हातमोज्यांची बोटं कापलेली.
व्हिओलावाली झायरा ओव्हरकोटातच बसलेली,
तिची बाही लाकडावर घासायची
आणि प्रत्येक सुरामागून
लोकरीची एक खरखर यायची.

मग त्सियाला उठली.
नाट्यगृहाला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती.
बाजारात ती सूर्यफुलाच्या बिया विकायची,
काचेच्या पेल्यानं मोजून.
ओठ लाल होते.
बीट चोळलं असणार, आई नंतर म्हणाली.

कविता होती नदीशी भांडणाऱ्या एका बाईची.
बाई म्हणजे त्सियाला,
नदी म्हणजे ओतियाचा चेलो,
बाकीचे तिघे काठावरचे लोक,
मध्येच कुजबुजणारे, मध्येच गप्प.

*दे गं, रिओनी, तुझं नाही ते परत दे.*
चेलो खालून वाहत गेला.
*मुलगा ठेवलास, ठेव.
पण तुला पायच नाहीत,
त्याचे बूट कशाला हवेत तुला?*
इथे चेलोनं उत्तर द्यायचं होतं.
ओतियानं गज उचलला

आणि वीज आली.

छतावरचे सगळे दिवे एकदम.
वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ
वाक्याच्या मधूनच बोलू लागला.
समोरच्या इमारतीतून आरोळी उठली, "आली, आली!"
एरवी आम्हीही ओरडायचो.
वीज म्हणजे एक तास, फार तर दीड :
पाणी तापवायचं, पाव भाजायचा,
बहिणीला फोन लागतो का पाहायचं.

मी सवयीनं मेणबत्ती विझवली.
मेण फुकट घालवलं की आई रागवायची.

उजेडात सगळंच दिसलं.
त्सियालाच्या बुटांना तारेचे टाके.
भिंतीवर ओल. झायराचे निळे पडलेले ओठ.
नुग्झारचे गाल भिजलेले,
तो शिंकल्याचं सोंग करू लागला,
आणि सोंग त्याला जमेना.
मागच्या रांगेत एक माणूस कोट सावरून उठला,
दाराकडे पाहिलं,
पुन्हा बसला.

त्सियाला हलली नाही.
हात पुढे, तसाच,
बूट मागणारा.

तेव्हा ग्रंथपाल मझेविनारबाई
चवड्यांवर चालत भिंतीपाशी गेल्या.
खट्.

आधीचा अंधार आमच्या ओळखीचा होता.
हा नव्हता.
मेणबत्ती माझ्या हातात, गार,
आणि काडेपेटी कुणाकडे, कुणास ठाऊक.
शेवटचं पान समोर उघडं होतं
पण ते आता नुसता कागद होतं.

नदीनं बराच वेळ काही सांगितलं नाही.
मग ओतियानं नाक ओढलं
(मी पान उलटलं नाही, उलटायला उरलंच नव्हतं)
आणि एक सूर लावला, खूप खालचा,
जो कागदावर नव्हता हे मला पक्कं माहीत आहे,
कारण त्या पानावर माझी नजर महिनाभर होती.
झायरा चाचपडत त्याच्याशेजारी आली.
दोन्ही व्हायोलिनं उशिरा.
त्सियालानं उरलेली कविता
म्हटली की नाही, यावर
आमच्या घरात अजून वाद होतो.
आई म्हणते, म्हटली, अगदी हळू.
मला फक्त स्टोव्हमधलं लाकूड
तडकलेलं आठवतं.

घरी पोचलो तोवर वीज गेली होती.
पाणी गारच.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले.
त्सियालानं पेला भरला,
वर एक मूठ जास्तीची टाकली,
कागदाचा कोन मुडपत म्हणाली,
"पान मात्र दोनदा लवकर उलटलंस, पोरी."