उरलेली शाई

बाटलीत अजून बोटभर शाई आहे.
जपून थेंब टाकला
तर दहा-बारा माणसं निघतील तेवढ्यात.

वीज सकाळीच गेली. सूक्ष्मदर्शकाचा आरसा
खिडकीकडे वळवून बसलेय.
ऊन सरोवरावरून येतंय,
फुकटचं, थोडा मासळीचा वास असलेलं.

नमुना जाफलीचा. वय एकतीस. रात्री दिवे लावून उसिपा मासे पकडणारा.
दोन आठवडे डोकं दुखतंय म्हणाला,
आत बसून कुणीतरी मका कांडतंय
आणि मका काही संपत नाही.
उजेड नको म्हणतो. बहिणीला आईच्या नावाने हाक मारतो.

बहीण, अबिबा, पाठीत सुई नको म्हणत होती.
तिच्या गावातल्या तिघांना टोचली,
तिघेही गेले.
न्गुलुबे तिच्याशेजारी फरशीवर बसला.
त्यांना इथे आणलं होतं कधी, किती दिवसांनी?
ती बोटं मोजत राहिली बराच वेळ.
मग त्यातलाच अंगठा पुढे केला.

दाब मोजायची नळी मागच्या वर्षी फुटली.
आम्ही सलाइनची नळी उभी धरतो,
शेजारी शिंप्याची टेप.
सुईने दोन मणक्यांमधली संधी शोधली
आणि पाणी चढत गेलं, तीस, पस्तीस.
टेप अबिबानेच धरली होती. माणसं कमी होती.

पुस्तकात या बुरशीला संधीसाधू म्हटलंय.
मला पटत नाही.
ती कबुतरांच्या विष्ठेत, झाडांच्या ढोलीत
आपल्यापुरती जगत होती.
तो शाळकरी असताना श्वासातून आत आली असेल,
कोपऱ्यात बसून राहिली असेल गुमान.
दार सताड उघडं टाकलं ते कुणी?
एचआयव्हीच्या गोळ्या चार महिने नव्हत्या,
आरोग्य खात्याच्या होडीला डिझेल नव्हतं,
तो बेटावर होता, आणि मासा चांगला लागत होता.

थेंब. काच. वर पातळ काच.
काळोख पसरतो
आणि काळोखात त्या पेशी, गोल, उजळ,
प्रत्येकीला खळं पडलेलं,
चंद्राला पडतं तसं.
शाई त्यांच्या आत शिरत नाही, म्हणून तर त्या कळतात.
सांगायला लाज वाटते, पण सुंदर दिसतात.
मोजायला घेते. मग मोजणं सोडते.

वहीत लिहिते: आढळली.

औषधाला फ्रीज लागतो. फ्रीजला वीज लागते.
मिशनच्या दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात येईल म्हणे,
चार दिवसांचं. हवं सात दिवसांचं.
पुढचं गोळ्यांवर,
आणि रोज पाठीतून थोडं पाणी काढत.

दारात अबिबा.
आता तो मला माझ्या नावाने हाक मारतोय, म्हणते,
म्हणजे मका संपला का?

मी बाटलीचं झाकण दोनदा पिळते.
संपला नाही गं.
कांडणारी जरा पाणी प्यायला उठलीय.
ती टेप दे इकडे,
उद्या परत लागेल.