खैरियत

उदगीरला चौबाऱ्याच्या मागं
खाजामियांच्या दुकानात मी कामाला होतो
ते हातांसाठी नाही. डोळ्यांसाठी.
उस्तादांना लाल आणि हिरवं सारखंच दिसायचं,
केशरीही त्यातच कुठंतरी, मातकट.
गिऱ्हाइकाला हे माहीत नव्हतं.
घरच्यांना होतं की नाही, कोण जाणे.

"तेरी आंखां, मेरे हातां," म्हणायचे
आणि कॅबिनेटचे स्क्रू त्याच बशीत टाकायचे
जिच्यातून सकाळी चहा प्यालेले असायचे.

पॉवर सप्लायच्या दोन चपट्या शेपट्या,
एकीला सहा वायरी, दुसरीला सहा,
आणि मदरबोर्डावर बारा पिनांची एकच ओळ.
जरा दाबलं की उलटंही बसायचं.
"काले कू काला," एवढंच शिकवलं त्यांनी.
चारी काळ्या मधोमध, खांद्याला खांदा लावून.
काळं तेवढं त्यांचं त्यांना दिसायचं.
बाकी मी वाचायचो, हजेरी घेतल्यासारखं:
केशरी, लाल, पिवळी, निळी, काळी, काळी.
काळी, काळी, पांढरी, लाल, लाल, लाल.

केशरी वायर बोर्डाला पोसत नाही.
ती नुसती निरोप सांगते:
व्होल्टेज जागेवर आलंय, सगळं ठीक आहे,
ऊठ आता.
तोवर बोर्ड थांबून राहतो.
"खैरियत का वायर," उस्ताद म्हणायचे,
आणि मग, हळू आवाजात,
"कौनसा है रे, बता."

मठपती सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा कॉम्प्युटर आला
तेव्हा त्याच्या मॉनिटरला दसऱ्याचा हार तसाच होता, वाळलेला.
उस्ताद जुम्म्याच्या नमाजला गेलेले.
लाइट तीनला येणार होती.
मी शेपट्या लावल्या.
घाई नव्हती. हे मला अजून सांगावंसं वाटतं, घाई नव्हती.
बाराही रंग मला लख्ख दिसत होते
आणि काळ्या गेल्या दोन टोकांना.

तीनला पंखा अर्धा फेरा फिरला.
मग तो वास.
उस्ताद दारातच थांबले, टोपी अजून डोक्यावर.
त्यांनी बोर्डाकडं पाहिलं नाही,
माझ्याकडंही नाही.

संध्याकाळी सरांनी विचारलं, काय झालं हो हे?
"मैच लगाया था," उस्ताद म्हणाले.
"मेरेकू रंगां नै दिखते, सर."
अठरा वर्षं झाकून ठेवलेलं,
चहाचे पैसे द्यावेत तसं काढून दिलं.
पुढच्या महिन्यापासून
टीव्हीसुद्धा यायचे कमी झाले दुकानात.
मला मात्र त्यांनी काढलं नाही.
रागावले असते तर बरं झालं असतं.

आता लातुरात माझं दुकान आहे.
चोवीस पिनांचा एकच ठोकळा येतो,
उलटा बसतच नाही.
पोरांना काही सांगावं लागत नाही
आणि मीही सांगत नाही.
परवा भंगारात तसला जुना बोर्ड निघाला,
त्या ओळीवरून बोट फिरवत राहिलो
तर पोरगं म्हणालं, काय बघलालाव मामा?

खैरियतची वायर हल्ली करड्या रंगाची असते.
ती उस्तादांना दिसली असती.