वजन

घणसोलीला गावदेवीच्या जत्रेत
चार डब्यांचा लाकडी पाळणा यायचा.
मोटार नव्हती त्याला. हसुरामकाका नि त्याचा भाऊ
आऱ्यांवरून सरसर वर चढायचे,
वरच्या दांडीला लोंबकळत खाली यायचे,
त्यांच्या वजनावर आम्ही वर जायचो.
पन्नास पैशांत दहा फेऱ्या,
आणि काका मोजण्यात चुकायचा, नेहमी आमच्या बाजूने.

माथ्यावरून खाडी दिसायची.
मग उतार,
आणि पोटातला गोळा वरच राहून गेलेला.
आई खालून ओरडायची, "घट धर गो, सोरू नको!"

तेरावं लागलं त्या वर्षी
काका धापा टाकत हसला, "यंदा भारी झालीस गो बय."
त्यानंतर मी बसले नाही.
त्याच्या खांद्याला माझं दरसालचं वजन ठाऊक होतं,
हे मला पुढे कळलं, फार पुढे,
तोवर त्याचा उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता.

वाशीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं हेच शिकवलं.
फळ्यावर वर्तुळ, केंद्राकडे रोखलेला बाण.
"बाई, मग बाहेर कोण फेकतं?"
कुणी नाही रे. तुम्ही सरळच निघाला होता,
कुणीतरी वळवतंय, त्याचा अंगाला राग येतो.
हे उत्तर पेपरात लिहिणाऱ्याला
मी अर्धा गुण द्यायचे.

आज नेरूळच्या पार्कात भाचीची मिहिका म्हणाली, चल.
पाटीवर वयाची अट होती. मी सहा वर्षं गिळली.
मांडीवर दांडा खटकन बसला,
कानात इअरफोन घातलेल्या मुलानं बटण दाबलं.
आम्ही जड की हलक्या,
त्याच्या बोटाला काय त्याचं!

उंच मनोऱ्यावर क्षणभर थांबवलं.
खाडी दिसली. तीच असावी,
इमारतींच्या फटीतून, बोटभर.

मग सोडलं.

मिहिकाच्या गळ्यातल्या फोनवर
आकडा उतरत शून्याला टेकला म्हणे.
मी पाहिला नाही. डोळे मिटलेले,
आणि मी ओरडत होते
त्या पक्क्या जखडलेल्या पोरीला,
जिला सुटायची सोयच नव्हती,
"घट धर गो, सोरू नको!"

खाली उतरल्यावर गुडघे माझे नव्हते.
लिंबूसरबत पिता पिता तिनं विचारलं,
"आजी, सोरू म्हणजे काय?"