बिजागरी

तिसरीला एकच सांधा असतो.
मागच्या अंगाला, काळपट, नखाएवढा.
तेवढ्यावर ती जन्मभर उघडते, मिटते.
मला देवाने शेकड्यांनी दिले
आणि चाळिशीच्या आत एकेकाला गंज लावला.

सकाळी नऊपर्यंत हात माझे नसत.
आडाळ्यावर बसून तिसरी धरायला जावं
तर बोटं सगळी करंगळीकडे कललेली,
वाऱ्याने एका अंगाला झुकवलेल्या
किनाऱ्यावरच्या सुरूंसारखी.
अंगठी सोनाराने कापून काढली, त्याला बारा वर्षं झाली.
दोन तुकडे हळदीच्या डबीत आहेत.

आचऱ्याच्या तिठ्यावर कोणीही विचारी,
"गे सुगंधा, कसा काय?"
"बरा आसा."
भरतीला बरा आसा, ओहोटीला बरा आसा.
जबड्याचा सांधा तेवढा कधी अडला नाही.

बांबोळीच्या डॉक्टरने फोटो उजेडावर धरला.
म्हणाला, चार सांधे काढू,
चार बिजागऱ्या बसवू, सिलिकॉनच्या.
"दुखणं जाईल?"
"या चार ठिकाणचं."
खरं बोलला, म्हणून कागदावर अंगठा दिला.
सही येते मला. पेन धरवेना.

टाके निघाले. बोटं सरळ.
तोरसकरीण काकी बघायला आली,
हात उलटा केला, सुलटा केला,
बाजारातला बांगडा बघावा तसा.
"आता काय, नवी कोरी झालस!"
मी हसले.
त्याच रात्री मागीलदारी
इतकी रडले की कुत्रा उठून लांब जाऊन बसला.
कशासाठी, ते मलाही नीट कळलं नाही.
वाकड्या बोटांवर ढकलता येत होतं सगळं:
न शिवलेली गोधडी, चुकवलेली लग्नं,
लेकीचं बाळ, पडेल म्हणून न घेतलेलं.
सरळ बोटांना आता काय सांगू?

व्यायाम शिकवणारी ओल्गा, मडगावची पोर,
कोमट मेणातून माझा हात काढताना
मान वर न करता म्हणाली,
"मावशी, रात्री झोप लागते? रडू येतं?"
चौदा वर्षं सगळ्यांनी हाडं मोजली.
हे कोणी विचारलं नव्हतं.
मेण सालीसारखं सुटत होतं,
आत माझ्याच हाताचा साचा, रिकामा.
"येतं," म्हटलं.
तिने ते लिहून घेतलं, ताप लिहावा तसं.

डावा हात अजून तसाच आहे.
गुडघे नंबर लावून बसलेत.
आज पहाटे ओहोटी,
बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरल्या, त्यांचं हसू इथवर आलं.
घोव चुलीपाशी उकिडवा,
विचारायचं म्हणून विचारलं त्याने,
"कसा वाटता?"
जिभेवर तयार होतं ते गिळलं.
"आज बरा वाटणा नाय माका.
हात न्हय. मन."

तो गप्प. लाकूड पुढे सारलं, परत मागे ओढलं.
मग कपात चहा ओतला,
कान माझ्या बाजूला येईल असा ठेवला,
आणि कुठे गेला नाही.